सहापैकी चार तारा गप्प: मिऱ्याच्या एका गिटारचं प्रकरण

"काका, वरच्या चार तारा वाजतच नाहीत आणि खालच्या दोन कान फाडतात." रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा पोरगा, गिटार दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून स्कूटीवरून भर पावसात आलेला, दारात उभं राहूनच सांगायला लागला. म्हटलं आधी आत ये, डोकं पूस, मग गिटार पूस, मग बोल.

गणपतीतल्या चार सुपाऱ्या त्याच्या ऑर्केस्ट्रानं घेतलेल्या होत्या आणि हातात जेमतेम तीन आठवडे होते. इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅट टाइपची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची), सेकंडहँड, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, तारेच्या हालचालीची वीज करणारे भाग), ट्रेमोलोचा ब्रिज (तारांचं बुडाकडचं टोक धरणारा, स्प्रिंगवर हलणारा भाग). महिनाभरापूर्वीपर्यंत व्यवस्थित वाजत होती म्हणे. मग जाड तारांचा आवाज गेला. त्यानं ॲम्प बदलून बघितला, लीड (जोडायची वायर) बदलली, पेडल काढून डायरेक्ट लावून बघितलं, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणाखालच्या फिरत्या भागात) स्प्रे मारला, काहीच फरक नाही. शेवटी कोणीतरी सांगितलं की रत्नागिरीच्या दमट हवेनं पिकअप गेले, तीनही बदलायला लागतील, आणि हा बिचारा त्यासाठी पैसे जमवत होता. ते पैसे वाचले म्हणून मी हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण ही तक्रार माझ्याकडे पावसाळ्यात हमखास येते आणि बहुतेक वेळा पोरं चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

तर, मी गिटार ॲम्पला लावलीच नाही. व्हॉल्यूम कमी-जास्त असेल तर आधी ती तार नुसती, विजेशिवाय, कशी वाजते ते ऐकायचं. नुसतीच मेल्यासारखी वाजत असेल तर दोष तारेत, नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), सॅडलवर (ब्रिजवरची तारेची बैठक) किंवा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आहे आणि पिकअपला दोष देण्यात अर्थ नाही. नुसती छान वाजतेय पण ॲम्पमधून येत नाहीये, तर गडबड तार आणि पिकअप यांच्या मधे कुठेतरी आहे. पडवीच्या पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की काही कळेना, म्हणून आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, गिटारच्या वरच्या शिंगाला कान टेकवला आणि एकेक तार छेडली. लाकडातून फार स्पष्ट ऐकू येतं, करून बघा. सहाही तारा वाजत होत्या, उलट जाड तारा जरा जास्तच झणझणीत, नव्या कोऱ्या वाटत होत्या. हे मला तेव्हाच खटकलं होतं पण मनात ठेवलं.

मग ॲम्पला लावली, टोन सगळे मधे, डिस्टॉर्शन बंद. हे बंद ठेवणं महत्त्वाचं आहे कारण डिस्टॉर्शन लावलं की बारीक आणि मोठा आवाज एका पातळीला दाबला जातो आणि फरक लपतो, क्लीनवरच खरं कळतं. पोरगा म्हणत होता तसंच होतं. सहावी (सगळ्यात जाड), पाचवी, चौथी आणि तिसरी लांबून कोणी वाजवतंय अशी, आणि दुसरी-पहिली अंगावर येणारी. लॅपटॉपवर ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सहा ठोके रेकॉर्ड केले तर जाड तारांच्या लाटा दुसऱ्या तारेच्या लाटेच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचत नव्हत्या.

आता पिकअप निवडायचा स्विच. पाचही जागांवर फिरवून प्रत्येक ठिकाणी तेच वाजवलं. प्रत्येक ठिकाणी तेच चित्र, त्याच चार तारा दबलेल्या, त्याच दोन पुढे. इथेच माझ्यासाठी अर्धं प्रकरण संपलं. तीन वेगवेगळे पिकअप एकाच महिन्यात, एकाच प्रकारे, त्याच चार तारांपुरते खराब होतील हे कसं शक्य आहे? एका पिकअपवरच त्रास असता तर तो पिकअप बघितला असता. तिन्हीवर सारखाच आहे म्हणजे तिन्हींना जे समान आहे तिकडे बघायचं, आणि समान काय आहे तर तारा.

शिवाय अजून एक गोष्ट, जी पोरांना कोणी सांगत नाही. सिंगल कॉइल पिकअपमध्ये सहा तारांना सहा वेगळी कॉइल नसते. एकच कॉइल असते, केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, सहाही पोलांभोवती (एकेका तारेखालचे चुंबकाचे खिळे) मिळून. ती तुटली तर सहाही तारा एकदम जातील किंवा सगळ्याच पातळ वाजतील. सोल्डर सुटलं, पॉट गेला, लीड गेली, तरी सहाही जातील. चारच तारा गेल्या म्हणून कोणी वायरिंग उघडत असेल तर त्याला थांबवा. चार तारांच्या बेस गिटारवाल्यांचं थोडं वेगळं आहे, फेंडरच्या प्रिसिजन बेसमध्ये १९५७ पासून पिकअप दोन तुकड्यांत असतो, दोन तारांना एक तुकडा, तिथे एक तुकडा गेला तर खरंच दोनच तारा गप्प होतात. पण ही बेस नव्हती.

मग बॅटरी घेऊन तारांवर उजेड मारला, आणि जाड तारा सोनेरी दिसल्या. म्हणजे पितळी भांड्यासारख्या पिवळ्या. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अशा नसतात, त्या चांदीसारख्या करड्या असतात. विचारलं, "तारा कधी बदललीस?" तर म्हणाला, "महिना झाला असेल काका, जुन्यांना पार गंज चढलेला." विचारलं, पाकिटावर काय लिहिलं होतं, तर पाकीट गिटारच्या कव्हरच्या खिशातच होतं, त्यावर ८०/२० ब्राँझ, १२ ते ५३ (तारांची जाडी, हजारांश इंचात). ॲकॉस्टिक गिटारचा सेट.

त्याला नुसतं सांगितलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि मनातून पिकअपवरच संशय ठेवला असता, म्हणून दाखवलं. सहाव्या तारेचं खुंटीजवळ उरलेलं शेपूट पकडीनं कापलं, बोटभर तुकडा. त्यावरचं गुंडाळलेलं पिवळं वेटोळं नखानं सैल करून काढलं, आतला सरळ पोलादी गाभा वेगळा झाला. माझ्याकडे एका जुन्या स्पीकरचं चुंबक आहे, ते टेबलावर ठेवलं. आधी पिवळं वेटोळं जवळ नेलं. काही नाही. चुंबकाला घासलं तरी काही नाही, जणू सुतळीचा तुकडा. मग तो बारीक गाभा नेला, तर दोन बोटं अंतरावरूनच हातातून सुटून टक्कन चिकटला. पोरानं ते स्वतः चार-पाच वेळा करून बघितलं. मग पहिल्या तारेचं शेपूट कापून दिलं, तीही टक्कन चिकटली, सगळीच्या सगळी.

झालं काय होतं ते आता सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हा माईक नव्हे. त्याला हवेतला आवाज ऐकू येत नाही, त्याला त्याच्यासमोर हलणारं लोखंड कळतं. पोलातल्या चुंबकामुळे वरची तार स्वतः थोडीशी चुंबक होते, ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच. मग तारेत लोखंड किती, ते पोलापासून किती लांब आणि किती जोरात हलतंय, एवढ्यावर आवाज ठरतो. इलेक्ट्रिकच्या सेटमध्ये जाड तारांवरचं वेटोळं निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं, ते पिकअपला दिसतं. ब्राँझच्या सेटमध्ये वेटोळं तांबं-जस्ताचं, ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, ८०/२० चा अर्थच तो. चुंबकाच्या दृष्टीनं ते नाहीच. मग एवढी जाडजूड सहावी तार, पण पिकअपला दिसतो फक्त आतला गाभा.

आणि ॲकॉस्टिकच्या सेटमध्ये तिसरी तारही वेटोळ्याची असते, म्हणून तिसरीसुद्धा गप्प. चार गेल्या आणि दोन राहिल्या याचा हिशोब इथे जुळतो. उरलेल्या दोन, पहिली आणि दुसरी, निव्वळ पोलाद, आणि त्यातही १२ च्या सेटमध्ये पहिली १२ हजारांश इंचाची आणि दुसरी १६ ची, तर याच्या नेहमीच्या १० च्या सेटमध्ये त्या १० आणि १३ असतात. म्हणजे एकीकडे चार तारांतलं लोखंड कमी झालं आणि दुसरीकडे दोन तारांतलं वाढलं. कान फाडणारच.

पोराची चूक मी म्हणणार नाही. रत्नागिरीत पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे पडतो, मिऱ्याला घर म्हणजे समुद्र अंगणात, खारा वारा दिवसरात्र, साध्या तारा तीन आठवड्यांत तपकिरी होतात आणि बोटाला काळं लागतं. दुकानात त्याने "गंज न चढणाऱ्या तारा द्या" म्हणून मागितल्या, दुकानदारानं ब्राँझच्या दिल्या. ब्राँझला लाल गंज चढत नाही हे खरंच आहे. पण कुठल्या गिटारला हव्यात हे दोघांपैकी कोणी बोललंच नाही.

निकेलचा १० ते ४६ चा सेट इथे मिळाला नाही, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं मागवला. येईपर्यंत दोन दिवस होते, आणि तेवढ्यात पोराला बसवून विचारलं की या महिन्यात अजून काय काय फिरवलंस, सगळं सांग, लपवू नको. कारण माझा अनुभव असा की मूळ चूक एक असते आणि तिच्यावर माणसानं तीन इलाज केलेले असतात, मूळ चूक काढली की ते तीन इलाज तीन नव्या चुका होऊन बसतात. तसंच निघालं. १२ च्या जाड सेटचा ताण इतका जास्त की ट्रेमोलोचा ब्रिज पुढे ओढला जाऊन मागून उचलला होता, तारा फ्रेटपासून उंच झाल्या, म्हणून त्याने सहाही सॅडल खाली घेतले. मग जाड तारा ऐकू येईनात म्हणून तिन्ही पिकअपची जाड तारांकडची बाजू स्क्रू फिरवून जवळजवळ तारेला टेकवली आणि बारीक तारांकडची बाजू पार खाली बुडवली. हे सगळं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. सांगितलं नसतं तर मला अजून एक दिवस लागला असता.

वाट बघताना पिकअप साफ केले. प्रत्येक पोलाच्या डोक्यावर काळी बारीक लव उगवल्यासारखी होती. गंजाची भुकटी समजून बोट लावलं तर खरखरीत, वाळू. मांडवीची काळी वाळू. रत्नागिरीत राहिलेल्याला सांगायला नको, मांडवीच्या बाजूचा किनारा काळा आणि पलीकडे पांढऱ्या वाळूचा, 'पांढरा समुद्र' म्हणतात तो. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, आम्ही लहानपणी चुंबक दोऱ्याला बांधून त्या वाळूतून ओढायचो आणि त्याला दाढी उगवायची, तीच दाढी या पिकअपला उगवली होती. पोरं मांडवीला बसून वाजवत होती म्हणे. तिनं आवाजात मोठा फरक पडतो असं नाही, पण ती कॉइलच्या कव्हरात शिरली तर घासत राहते, म्हणून काढायची. कापडानं पुसली तर फक्त सरकते. सेलोटेप चिकटवून उचलायची, टेप बदलत, पाच-सहा वेळा.

पार्सल आलं, तारा बसवल्या, ब्रिज आपोआप खाली बसला. ॲम्प लावायच्या आधी पुन्हा तीच नुसती चाचणी, आणि आता दुसरी तार दहाव्या फ्रेटपासून पुढे खुरटी वाजायला लागली, ठण्ण ऐवजी ठक. म्हणजे सॅडल खाली गेलेलं, ब्रिजही खाली, तार फ्रेटला लागतेय. बाकीचे पाच सॅडल वर घेतले, पण दुसऱ्या तारेच्या सॅडलचा एक ग्रब स्क्रू (उंची बदलायचा बिनमाथ्याचा स्क्रू) हलेना. गंजानं धरलेला असताना पोरानं लहान ॲलन की घालून जबरदस्ती केली होती आणि आतला षटकोन गोल झाला होता. यांना बहुतेक १.५ मिलिमीटरची की लागते, अमेरिकन गिटारला ०.०५० इंचाची, जी जरा बारीक असते, ती यात घातली की फिरतेय असं वाटतं आणि कडा जातात. काडेपेटीच्या काडीच्या टोकानं मशीन ऑइलचा एक थेंब सोडला, फक्त तिथेच, पिकअपवर फडकं टाकून, आणि रात्रभर ठेवला. सकाळी किंचित मोठी की हलकेच ठोकून बसवली आणि स्क्रू निघाला. मिरजोळे एमआयडीसीच्या रस्त्यावरून स्टेनलेसचे एम-३ ग्रब स्क्रू आणले, एक लागत होता तरी बाराही बदलून टाकले. आपल्याकडे या गिटारांना स्टेनलेसच हवेत, पाच रुपयाच्या स्क्रूपायी सॅडल अडकून बसतं.

आता ॲम्प. चारही तारा परत आल्या, पण सहावी आता ढब्ब करून फुगलेली, आणि बाराव्या फ्रेटच्या वर तिचा सूर हलत होता, एका सुराच्या पोटात दुसरा सूर असल्यासारखा. ट्यूनर लावला तर काटा थरथरत राहिला. हे पिकअप फार जवळ असल्याचं लक्षण, चुंबक तारेला ओढून धरतं आणि तार मोकळी हलत नाही. ब्राँझमध्ये लोखंड कमी होतं म्हणून हे तेव्हा इतकं जाणवलं नव्हतं. फेंडरच्या गाइडमध्ये जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, पोलाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर दिलंय. मी तिथून सुरुवात करतो आणि मग कानानं. स्टीलची पट्टी चुंबक ओढून घेतं आणि माप चुकतं, म्हणून शाळेच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी, शून्याच्या आधीचा मोकळा भाग घासून काढलेली. नेकच्या पिकअपजवळ तारेचा हेलकावा मोठा असतो म्हणून तो मापापेक्षा अजून थोडा खाली ठेवला, ब्रिजजवळ हेलकावा लहान म्हणून तो जरा वर, म्हणजे स्विच फिरवल्यावर आवाज उड्या मारत नाही. प्रत्येक वेळी अर्धा फेरा फिरवायचा, सहा तारा वाजवायच्या, पुन्हा अर्धा. घाई केली की कान दमतो आणि सगळं सारखंच वाटायला लागतं.

पाच तारा एका पातळीला आल्या. तिसरी मात्र अजून पुढे, 'जी' (G) कॉर्ड धरली की तिसरी तार वेगळी बोलते. याला पोरगा जबाबदार नव्हता, ही जुनी भानगड आहे. स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हा लोक तिसरी तार वेटोळ्याची लावायचे, तिचा गाभा बारीक, आवाज कमी, म्हणून त्या पिकअपमध्ये तिसऱ्या तारेचा पोल मुद्दाम उंच ठेवला. पुढे वाजवणारे साध्या पोलादी तिसऱ्या तारेवर आले, ती ओढायला सोपी, पण पोल तसाच उंच राहिला आणि आजही त्याच नकलेचे पिकअप बनतात. वर्षानुवर्षं लोक या एका तारेपायी पिकअप बदलतायत, आणि दोष पिकअपचा नाही, तारेचा काळ बदलला एवढंच.

पोल ठोकून खाली बसवतात काही जण. या जातीच्या पिकअपमध्ये पोल म्हणजे उभे चुंबकच आणि कॉइल थेट त्यांच्या अंगावर गुंडाळलेली, ती तार जाडीला ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, पोल सरकला की आतून तुटते आणि मग सहाही तारा जातात. पोराला हे बजावून सांगितलं. मधल्या तारेला पिकअप तिरका करूनही फारसा उपयोग होत नाही, कारण ती मधेच असते. मग दोनच मार्ग, एक तिसरी तार १७ ऐवजी १६ ची सुटी घेऊन लावायची, दुसरा पूर्ण पिकअप अजून थोडा खाली घेऊन ॲम्पवर तेवढा आवाज वाढवायचा, लांब गेलं की पोलांच्या उंचीतला फरक कमी जाणवतो. सुटी तार मिळायला वेळ नव्हता, दुसरा मार्ग केला. तिसरी अजूनही किंचित पुढे आहे, ऑडॅसिटीत दिसते, पण बँडबरोबर ऐकू येत नाही, आणि पोरगा म्हणाला की त्याचा हातच आता तिथे आपोआप हलका पडतो.

काढलेला ब्राँझचा सेट वाया गेला नाही, त्याच्या ताईच्या ॲकॉस्टिकवर चढवला, तिथे तो झकास वाजतो. आणि गिटार परत देताना मागचं प्लास्टिकचं झाकण उघडून आतून कागदी टेपवर पेननं लिहून चिकटवलं: निकेल १०-४६, मधला पिकअप, शेवटचा फ्रेट दाबून, जाडीकडे २.८, बारीककडे २.४, ॲलन की १.५.